आधी पाणी कुठलं ते सांगा

आमच्या गल्लीतल्या भिशीत सोन्याच्या भावाखालोखाल वाद कशावर होत असेल तर धुण्याच्या साबणावर. परवडतं काय, लिक्विड की पावडर? एक म्हणते, लिक्विड वापरायला लागल्यापासून मशीनचा ड्रॉवर स्वच्छ राहतो. दुसरी म्हणते, पाण्यात वास कालवून देतात आणि आपण पैसे मोजतो. तिसरी पुण्याच्या लेकीनं काय सांगितलं ते सांगते, आणि पुण्याची लेक म्हटल्यावर पुढं कुणी बोलत नाही. मी बेळगावच्या अनगोळात संसार केलेली बाई. घरातलं वाणसामान आणि धुणं दोन्ही माझ्याकडं. कुणी मला विचारलंच तर मी उलट विचारते, तुमच्याकडं पाणी कुठलं येतं? ते कळल्याशिवाय पाकिटाचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

बेळगावात एकाच घरात तीन पाणी नांदतात. नळाला राकसकोपचं नाहीतर हिडकलचं, परसात आडाचं, आणि गच्चीवरच्या टाकीत बोअरचं. राकसकोप मार्कंडेय नदीवर, हिडकल घटप्रभेवर. धरणाचं पाणी म्हणजे साठवलेला पाऊसच, त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी खडकातून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. चव घेऊन कळो न कळो, साबणाला ते लगेच कळतं. त्या क्षारांशी साबण जुळला की त्याचा चिकट साका होतो. बादलीच्या कडेला जो करडा, बोटानं खरवडावा लागणारा थर बसतो तो हाच. तुम्ही घातलेला पहिला साबण या साक्यातच खर्ची पडतो, मळापर्यंत पोचतच नाही.

सासूबाईंचं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी तिथून जवळच. जांभ्या दगडाची लाल माती आणि धो धो पाऊस. तिथल्या पाण्यात अंगाला लावलेला साबण सुटता सुटत नाही, हात बुळबुळीतच राहतात. माझी नणंद दिली ती अथणीकडं. तिथं पाऊस आमच्या निम्मासुद्धा नाही, ऊस मात्र भरपूर, आणि बोअरचं पाणी इतकं जड की साबणाची वडी घासून घासून झिजते तरी फेस दिसत नाही. दोन्ही घरांत त्याच कंपनीची एक किलोची पिशवी येते. जांबोटीकडं ती महिना पुरते, अथणीकडं पंधरवड्यात तळ गाठते. आता यातलं ‘परवडणारं’ कोणतं, हे टीव्हीवरची बाई कशी सांगणार?

घरी बघायचं असेल तर सोपं आहे. काचेच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्यायचं, अंघोळीच्या साबणाचा नखाएवढा तुकडा किसून टाकायचा, बूच लावून हलवायचं. वर फेसाचा थर राहिला आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ दिसलं तर पाणी मऊ. फेस झटक्यात बसला आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं तर जड. नळाचं आणि बोअरचं दोन्ही असं शेजारी शेजारी ठेवून बघा. मी बघितल्यापासून धुण्याला नळाचं पाणी राखून ठेवते आणि फरशी, गाडी, झाडं बोअरच्या पाण्यावर भागवते. या एका बदलानं साबण जेवढा वाचला तेवढा कुठल्याच ऑफरनं वाचला नाही.

आता पावडरकडं वळू. स्वस्तातली कुठलीही पावडर चिमूटभर तळहातावर घ्या, वर पाण्याचे दोन थेंब टाका आणि मूठ मिटा. हाताला ऊब लागेल. ती ऊब धुण्याच्या सोड्याची. कोरडा सोडा पाणी ओढून घेतो तेव्हा तापतो. पावडरीत मळ सोडवणारा मुख्य माल असतो त्याला कारखानदारीत अ‍ॅसिड स्लरी म्हणतात. काळपट, दाट, उग्र वासाचं हे आम्ल सोड्यात मुरवलं की त्याची पावडर होते. उरतो तो भरणा: मीठ, सोडियम सल्फेट, अगदीच हलका माल असेल तर दगडाची पूड. रात्री पेल्यात चमचाभर पावडर ढवळून ठेवली तर सकाळी तळाला काय बसलंय ते दिसतं. हात लावल्यावर वाळूसारखं कचकचलं तर तुम्ही दगड विकत घेतलाय. महागड्या पावडरीतही थोडा गाळ दिसतो, पण तो मऊ असतो. पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवायला झिओलाइट नावाची वस्तू घालतात, ती विरघळत नाही. आणि पावडरीतले ते निळे-हिरवे दाणे? बहुतेकदा रंगवलेलं मीठ नाहीतर सोडा. दिसायला छान.

सोड्याला नावं ठेवणारे खूप आहेत, मी त्यांच्यातली नाही. खेड्यातल्या आणि चाळीतल्या बायकांचं धुणं हलकं झालं ते सोड्यामुळंच. हिंदुस्तान लिव्हरनं सर्फ आणली १९५९ साली. तो डबा आमच्या आजीच्या घरात पाहुण्यांच्या कपबशांसारखा वर फळीवर असायचा. अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी १९६९ साली घरच्या घरी पिवळी पावडर करायला सुरुवात केली आणि सायकलीवरून दारोदार विकली. मुलीच्या नावावरून तिला निरमा नाव दिलं. दर सर्फच्या पाव हिश्शाच्या आसपास. तिच्यात सोडा भरपूर, सुवासाचे नखरे कमी. मोठ्या कंपनीला आधी ती दखल घेण्याजोगीच वाटली नव्हती. नंतर बाजार हातचा जायला लागला तेव्हा त्यांनाही व्हीलसारखी स्वस्त पावडर काढावी लागली. ‘आमची महाग आहे पण कमी लागते’ हा जाहिरातीतला युक्तिवाद त्याच भांडणातून आला. आणि तो खोटा नाही. तो पाण्यावर अवलंबून आहे, एवढंच जाहिरातीत सांगत नाहीत.

सोड्याचा खरा तोटा हाताला. आमच्याकडं धुण्याला येणाऱ्या मावशींच्या बोटांच्या पेरांना हिवाळ्यात चिरा पडायच्या, त्यात हळद आणि खोबरेल भरून त्या यायच्या. लिक्विडात सहसा सोडा नसतो, त्यामुळं ते हाताला सौम्य. हातानं धुणाऱ्या बाईसाठी घरात लिक्विड आणत असाल तर त्याचा हिशेब रुपयात करू नये, असं माझं मत आहे. पण लिक्विड आणतात ती घरं मशीनवाली, आणि हातानं धुणारी बाई दहा रुपयांच्या पुडीवर. त्या पुडीची किंमत दहा रुपयेच राहते, आतलं वजन तेवढं दर वर्षी घटत जातं. दुकानदार अण्णांना विचारलं तर ते हात वर करतात: “मी काय करू ताई, वरूनच तसं येतंय की.”

लिक्विडात दोन जाती. एक कंपनीची बाटली, दुसरी सुटं. सुटं विकणारा टेम्पो आमच्या भागात सकाळी दहाच्या सुमाराला येतो. स्पीकरवर रेकॉर्ड केलेला आवाज, मागं निळे कॅन, फिनेल, भांड्यांचं लिक्विड, संडासचं अ‍ॅसिड, आणि गुलाबी, निळं, हिरवं धुण्याचं. रिकामी बाटली घेऊन गेलं की भरून देतो. कॅन तिरका करून दाखवतो, “बघा ताई, घट्ट किती हाय! मधासारखं.” घट्टपणा दाखवून माल विकायची ही रीत सगळीकडं आहे, आणि तिथंच गिऱ्हाईक फसतं. लिक्विडाला घट्ट करायला महागडी वस्तू लागत नाही, मीठ लागतं. आपलं खायचं मीठ. फेस करणारी पेस्ट पाण्यात कालवून त्यात मीठ घालत गेलं की ते घट्ट होत जातं. प्रमाणाबाहेर मीठ पडलं की पुन्हा पातळ होतं, म्हणून करणाऱ्याला हात बसवावा लागतो. या सामानाचं किट केमिकलच्या दुकानात मिळतं. आमच्या ओळखीतल्या एका बचत गटानं हा धंदा काही दिवस केला. बायका प्रामाणिक होत्या, माल बरा होता, पण गिऱ्हाइकं “टेम्पोवाल्यासारखं घट्ट करा” म्हणून मागं लागली. मग त्यांनीही मीठ वाढवलं.

आत किती माल आहे हे बघायचा माझा एक घरगुती उपाय आहे. उन्हाळ्यात गच्चीवर दोन बशा ठेवल्या, एकीत कंपनीचं लिक्विड, दुसरीत टेम्पोतलं, दोन्हीकडं सारखेच चमचे. वर जुनी चाळण झाकली. मेमधलं ऊन, दोन दिवसांत पाणी उडून गेलं. कंपनीच्या बशीत जाड, चिकट, बोट लावलं की तार सुटणारा थर राहिला. टेम्पोच्या बशीत पातळ पापुद्रा आणि त्याच्या कडेनं चमकणारे बारीक खडे. जिभेला लावले नाहीत, पण ते मीठ होतं हे सांगायला रसायनशास्त्रातली पदवी नको. दोन्ही बाटल्यांत पाणीच जास्त होतं, एकीत जरा जास्तच. आमच्या सासूबाई बशा बघून म्हणाल्या, “मीठ विकत घेऊन कापडं धुवालीस व्हय गे? ते आमटीत घाल की.”

हिशेब करायचा तर लिटर आणि किलो समोरासमोर ठेवून होत नाही. पाकिटावर आता ग्रॅममागं किंवा मिलीमागं किती पडतं ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. दोन पावडरी ताडून बघायला ते उपयोगी. पण ग्रॅमची मिलीशी तुलना करून हाती काही लागत नाही. बघायचं ते एका धुण्याला किती पडलं. समजा साधी पावडर ८० रुपये किलो आणि एका धुण्याला ८० ग्रॅम लागली, तर झाले ६ रुपये ४० पैसे. चांगली पावडर १४० रुपये किलो, पण ५० ग्रॅममध्ये भागलं, तर ७ रुपये. म्हणजे दुकानात दुपटीच्या जवळ दिसणारा फरक धुण्यात साठ पैशांवर आला. कंपनीचं लिक्विड २०० रुपये लिटर, ६० मिली ओतलं, १२ रुपये. टेम्पोतलं ५० रुपये लिटर, पण दीडशे मिली ओतल्याशिवाय कॉलर सुटत नाही, साडेसात रुपये. आकडे ज्यानं त्यानं आपल्या दुकानाप्रमाणं बदलावेत. मला वारंवार दिसलं ते असं: सगळ्यात स्वस्त दिसणारं टेम्पोतलं लिक्विड हिशेबाअंती चांगल्या पावडरीला जाऊन भिडतं, आणि काम तिच्याहून कमी करतं.

त्यात आणखी एक मेख बाटलीच्या झाकणात आहे. झाकणाच्या आत एक रेघ असते. ती इतकी पुसट की चष्मा लावूनही धड दिसत नाही, आणि झाकण मात्र रेघेच्या बरंच वर उंच. मग माणूस झाकणभर ओततो. मी त्या रेघेवर आतून नेलपॉलिश ओढलंय. पावडरीच्या डब्यात जुना मोठा चमचा टाकून ठेवलाय. सपाट चमच्यात साधारण दहा-पंधरा ग्रॅम बसते. घरातली पुरुषमाणसं मशीन लावतात तेव्हा डबाच उपडा करतात, त्यांच्यासाठी चमच्यावर रंगानं आकडा लिहिलाय. तरी चमचा बाजूला ठेवून मुठीनंच घालतात.

पण रुपयांचा हिशेब झाला तरी मळाचा राहतोच, आणि खरं बघायचं ते तिथं. आमचे हे उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथवर. बेळगावचं हायड्रॉलिक्स आणि फाउंड्रीचं काम दूरवर जातं, त्या कामाचा मळ मात्र आमच्याच मोरीत उतरतो. कटिंग ऑइल, ग्रीस, आणि शेजारच्या फाउंड्रीतून उडत येणारी काळी माती. तेल आणि ती काजळीसारखी माती एकत्र झाली की कापडाच्या धाग्यात रुतून बसतात. अशा शर्टाला पावडरीच्या पाण्यात कितीही भिजवा, काळा डाग करडा होतो, जात नाही. इथं लिक्विडाला तोड नाही. पण ते वापरायची पद्धत आहे. कापड कोरडं असतानाच डागावर थेट दोन-चार थेंब टाकायचे आणि बोटानं, नाहीतर जुन्या ब्रशनं हलकं चोळायचं. आधी पाणी लागलं तर धाग्यात पाणी शिरून बसतं आणि लिक्विडाला तेलाजवळ जाता येत नाही. अर्धा तास तसंच ठेवायचं. काळं ओशट पाणी सुटलेलं दिसायला लागतं, मग नेहमीसारखं पावडरीत धुवायचं. भांड्यांचं लिक्विडही या कामाला चालतं, ते शेवटी तेल काढायलाच असतं. एवढ्यासाठी घरात छोटी बाटली ठेवावी, पाच लिटरचा कॅन नको.

मातीच्या मळाचं उलटं. पावसाळ्यात खानापूरकडं रोप लावून आलेल्या माणसाचं धोतर बघितलंय? खालून दोन वीत लालभडक. ती माती लोहाची. सासूबाईंची शिस्त अशी की चिखल ओला असताना कापडाला हात लावायचा नाही. वलणीवर टाकून वाळू द्यायचं, मग अंगणात झटकायचं, अर्धी माती तिथंच गळते. उरलेल्याला कोमट पाण्यात पावडर घालून तासभर भिजत टाकायचं आणि मग दगडावर. मातीचे बारीक कण धाग्यापासून सुटे करून पाण्यात तरंगत ठेवायला सोडा आणि पावडरीतला बाकीचा मसाला लागतो. नुसत्या लिक्विडात ती माती पुन्हा कापडावरच बसते, आणि पांढरं बनियन गुलाबी होऊन बाहेर येतं. इथं कुणी ब्लीच ओतायला निघालं तर त्यांचा हात धरा. लोहाचा डाग ब्लीचनं पक्का होतो.

हळदीच्या डागानं तर एका लग्नात गोंधळ उडवला होता. नवऱ्यामुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळद सांडली, मावशीनं घाईघाईनं त्यावर पावडर चोळली, आणि डाग रक्तासारखा लाल झाला. “अगं, लागलं काय त्याला?” म्हणून दोघी-तिघी धावल्या. झालं एवढंच होतं की हळदीचा रंग सोड्याशी गाठ पडली की तांबडा होतो. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. शाळेत हळदीचा कागद करून हेच शिकवतात, घरी मात्र कुणाला आठवत नाही. हळदीला ना लिक्विड मारतं ना पावडर, तिला मारतं ऊन. धुऊन ओलाच सदरा कडक उन्हात टाकला की एक-दोन दिवसांत डाग विरतो. आषाढातल्या हळदीचं काय करायचं ते मला विचारू नका. काजूच्या बोंडूचा डाग मात्र ऊन-पाऊस काहीच जुमानत नाही. एप्रिलमध्ये सासूबाईंच्या माहेरी पोरं बोंडू चोखत हिंडतात, त्यांना मुद्दाम फाटकेच शर्ट घालतात. एवढा साधा उपाय कुठल्याही कंपनीला सुचलेला नाही.

पावसाळा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून गणपतीपर्यंत आमच्याकडं कापड वाळणं हा नशिबाचा भाग. वलण्या स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून पलंगावरच्या पंख्याखाली. पूर्वी पाणी तापवायचा बंब असायचा, त्याच्या अंगाशी पोरांची दुपटी आणि चड्ड्या वाळायच्या आणि धुराचा वास घेऊन यायच्या. आता बंब गेला, गिझर आला. धुराच्या वासाऐवजी कुबट वास. तो घालवायला म्हणून लोक सुवासिक लिक्विड दुप्पट ओततात, वर फॅब्रिक कंडिशनर. त्यानं काय होतं, तर कुबट गुलाबाचा वास येतो. कुबटपणा कापडात तग धरून राहिलेल्या जिवाणूंचा असतो. अंगाचं तेल आणि न खळबळलेला साबण कापडात उरला आणि वर ओल टिकली की त्यांचं फावतं. त्यामुळं जास्त ओतणं म्हणजे त्यांनाच खाऊ घालणं. पावसात साबण थोडा कमी, खळबळणं एक जास्त, आणि स्पिनरमध्ये दोनदा पिळून काढणं, याला दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

टॉवेलांचं तंत्र वेगळं. चांगल्या पावडरींत ऑक्सिजन सोडणारं ब्लीच असतं, पाण्यात पडल्यावर त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि गरम पाण्यात ते जोमानं काम करतं. वासाचं मूळ मरतं ते यानं. पाण्यात कालवून महिनोन्महिने बाटलीत ठेवलं तर ते टिकत नाही, म्हणून बाटलीतल्या लिक्विडात सहसा नसतंच. आठवड्यातून एकदा टॉवेल, पायपुसणी आणि बनियनं गिझरच्या पाण्यात अशा पावडरीनं धुतली की मशीनच्या रबराला येणारा काळा बुरसाही कमी होतो. नुसत्या लिक्विडावर आणि गार पाण्यावर चालणारी मशीनं वर्षभरात उघडल्या उघडल्या गटारासारखी का घमघमतात, त्याचं निम्मं उत्तर यात आहे.

पावडरीची पावसाळ्यात एकच रड. पिशवी उघडी राहिली की ओल ओढून तिचा दगड होतो, आणि गार पाण्यात गुठळ्या तशाच राहून काळ्या पँटीवर पांढरे पट्टे उमटतात. घट्ट झाकणाचा डबा आणि आधी मगभर कोमट पाण्यात विरघळवून घेणं, एवढ्यानं भागतं. गडद कपड्यांना मी लिक्विड वापरते. हा दुसरा कोपरा, जिथं ते पैसे वसूल करतं.

पांढरेपणाबद्दल थोडंसं, कारण त्यात फार पैसा जातो. पावडरीत आणि लिक्विडात एक चमक आणणारा पदार्थ असतो. तो उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण घेतो आणि निळसर उजेड बाहेर टाकतो. कापड पिवळटच असतं, दिसतं पांढरं. ऑर्केस्ट्राच्या निळ्या दिव्याखाली काहींचे शर्ट जळाल्यासारखे चमकतात ते त्यामुळं. आमच्या सासऱ्यांच्या टोपीला सासूबाई नीळ घालायच्या, तीही हीच युक्ती, पैशांत मात्र कितीतरी हलकी. नीळ आजही मिळते.

फेस हा या सगळ्यातला सगळ्यात महागडा गैरसमज. फेस येतो म्हणजे पाण्यात साबण शिल्लक आहे, मळ निघाला असा त्याचा अर्थ होत नाही. खूप तेलकट कपडे घातले की फेस मरतो, कारण साबण कामाला लागलेला असतो. ग्राहकाला फेस हवा म्हणून कंपन्या तो घालतात, आणि तो काढायला आपण पाणी घालतो. एका खळबळीला बादली-दोन बादल्या. मे महिन्यात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं तेव्हा त्या बादलीची किंमत कळते. टँकर मागवला तर रुपयातही कळते. पुढं ते पाणी जातं कुठं? आमच्या बाजूचं सांडपाणी बळ्ळारी नाल्याला मिळतं, आणि पावसाळ्यात नाला फुगला की शहापूर-वडगावच्या शिवारात, भाताच्या उभ्या पिकात शिरतं. तिथल्या शेतकऱ्यांनी याबद्दल किती अर्जविनंत्या केल्या, त्या वर्तमानपत्रात वाचून आम्हीच कंटाळलो. नाल्याचा प्रश्न एका पावडरीनं सुटायचा नाही, पण मूठभर जास्त घालताना मला ते शिवार दिसतं खरं.

सध्या आमच्या मोरीच्या फळीवर असं आहे: मधल्या दरातली पावडर डब्यात, रोजच्यासाठी. तेलाच्या डागांना आणि काळ्या कपड्यांना कंपनीच्या लिक्विडाची छोटी बाटली. कॉलरला घासायला साबणाची वडी. टेम्पोतलं लिक्विड फरशी पुसायला बरं पडतं, त्या कामाला मी घेते. नणंदेला मात्र मी वेगळं सांगितलंय. तिच्या बोअरच्या पाण्यात साधी सोड्याची पावडर जास्त झाली की सोड्याचा चुना होऊन कापडावर बसतो, टॉवेल पापडासारखे कडक होतात. तिनं जरा महागाची, झिओलाइटवाली घ्यावी, शेवटच्या पाण्यात कधीतरी अर्धं लिंबू पिळावं, आणि पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लावून पहिलं धुणं त्या पाण्यात काढावं. पिंप तिनं लावलं. तिच्या सासऱ्यांना आता त्या पाण्याचाच चहा लागतो.

राहता राहिलं रेशीम. महागड्या पावडरीत आणि लिक्विडात दुधाचे, रक्ताचे, म्हणजे प्रथिनांचे डाग खाणारी विकरं (एन्झाइम) असतात. रेशीम आणि लोकर हीही प्रथिनंच, त्यामुळं विकरं डागाबरोबर कापडही कुरतडतात. इरकलीचा रेशमी पदर, पैठणी, आजोबांची शाल, यांना ही पाकिटं दाखवूसुद्धा नयेत. रविवार पेठेतून पावशेर रिठा आणायचा, बिया काढून टरफलं रात्री भिजत घालायची, सकाळी कोमट करून कुस्करायची आणि फडक्यातून गाळून घ्यायची. त्या तपकिरी पाण्यात साडी दहा मिनिटं बुडवायची, पिळायची नाही, पंचात गुंडाळून दाबायची आणि सावलीत टाकायची. गाळताना तोंड जरा बाजूला ठेवा, शिंतोडा डोळ्यात गेला तर तासभर चुरचुरतं.